चाकण, वाळूज की शिरोली?

आयटीआयचा निकाल लागला की परभणी-हिंगोलीकडच्या मुलांचं एकच ठरलेलं असतं: पुण्याजवळचं चाकण. गावातला कुणीतरी आधी गेलेला असतो, त्याची खोली असते, बॅग भरली की निघायचं. माझी ना नाही. महिंद्रा, बजाज, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने एकाच पट्ट्यात आहेत. फिटर असो की वेल्डर, काम मिळतं. पण आधी कागद-पेन घेऊन बसा.

उदाहरणादाखल धरू, चाकणला 18,000 रुपये हातात येतात आणि संभाजीनगरजवळच्या वाळूजला 15,000. चाकणला कॉट बेसिसची जागा, मेस, सणावाराला गावी यायचं भाडं, हे वजा करा. वाळूजला बजाजनगरात मामा-मावशी कुणीतरी निघतंच, आणि परभणीहून रेल्वेनं सकाळी निघालं तर दुपारी संभाजीनगर. महिनाअखेरीस वाळूजवालाच जास्त पैसे घरी पाठवतो, असं बऱ्याचदा होतं.

पैशाइतकंच महत्त्वाचं, तिथे शिकायला काय मिळणार? मोठ्या कंपनीच्या असेंब्ली लाइनवर वर्षभर तेच चार बोल्ट आवळणारा मुलगा वर्षाअखेरीस चार बोल्टच आवळू शकतो. त्याउलट कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्रीत आणि मशिनशॉपमध्ये उष्णता आहे, धूळ आहे, पगार बेताचा. पण टर्नर, मशिनिस्ट पोरगा तिथे जॉब लावण्यापासून टूल बदलण्यापर्यंत सगळं करतो. या दोन ट्रेडच्या मुलांनी आधी कोल्हापूर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

संभाजीनगरजवळच्याच शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्याबद्दल पालक विचारतात. टोयोटा किर्लोस्करनं 2024 मध्ये संभाजीनगरच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. करार म्हणजे भरती नव्हे! कारखाना उभा राहायला वर्षं जातात. तोवर शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून घ्या. विद्यावेतन कमी म्हणून मुलं ती टाळतात आणि कंत्राटावर जातात. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळाला की पुन्हा गेटवर उभी. शिकाऊ परीक्षेचं प्रमाणपत्र मात्र रेल्वेच्या भरतीतही उपयोगी पडतं.

तयारी म्हणाल तर मुलाखतीत मोठं काही विचारत नाहीत. हातात व्हर्नियर देतात आणि माप सांगायला लावतात. साध्या व्हर्नियरचं लघुत्तम माप 0.02 मिलिमीटर, मायक्रोमीटरचं 0.01. पाठ असतं सगळ्यांना, वाचता येत नाही. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये रोज पाच जॉब मोजा, ड्रॉइंग वाचायची सवय करा.

रुजू होताना विचारा: पेरोल कंपनीचं की ठेकेदाराचं? पीएफचा यूएएन क्रमांक मिळाला का? पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीचं कार्ड कुठे आहे? ओव्हरटाइमला दुप्पट दर लागतो, तो पगारपत्रकात दिसतोय का? आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

मुलींच्या पालकांनी आणखी एक विचारावं. रात्रपाळी आहे का, आणि असेल तर कंपनीची गाडी खोलीच्या दारापर्यंत येते की चौकापर्यंतच? उत्तर तोंडी घेऊ नका, नेमणूकपत्रात लिहून मागा.