पालखी येण्याआधी



आषाढी जवळ आली की आपल्या घरी पिठाचे डबे भरू लागतात. तुकोबारायांची पालखी बारामतीला मुक्कामाला येते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापूर. वारकऱ्यांच्या भाकरीची तयारी आपल्याला कुणी शिकवायला नको. पण देवाच्या नावाने जमलेल्या माणसांवर संकट आले, तर त्याची तयारी आपल्यापाशी आहे का, हे विचारायला मी उभी आहे.

एक संकट गर्दीचे. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे गेली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, मागून रेटा, आणि त्यात दुकानांना आग. अशा गर्दीत माणूस पायाखाली तुडवला जाऊनच मरतो असे नाही. उभ्या उभ्या छाती दाबून श्वास कोंडतो. म्हणून दोन्ही हात छातीपुढे धरावेत, लोंढ्याच्या उलट जाऊ नये, तिरपे तिरपे कडेला सरावे. मुलींना हे घरीच करून दाखवा.

दुसरे संकट माणसानेच माणसावर आणलेले. त्याचे मला अधिक भय वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे इंदापूरला काही परके नव्हेत. अफवा मोबाईलवरून फिरत होती. पिढ्यान्‌पिढ्या दारी येणारा गोसावी एका दिवसात चोर ठरला!

आता उलट बाजूचे उदाहरण ऐका. भिवंडी १९८४ साली दंगलीत होरपळली. पुढे १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होऊन गेले. (याच गृहस्थांनी २०१४ साली आपल्या बारामती मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक लढवली.) त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि त्या भागातला साधा पोलीस शिपाई एकत्र बसत. बडे पुढारी नव्हेत, रोज एकमेकांना दिसणारी माणसे; आणि बोलणी होत ती किरकोळ भांडणतंट्यांची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, सुमारे नऊशे माणसे गेली. भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर त्या कमिट्या नेमल्या असत्या, तर कोण कुणाचे ऐकणार होते?

आपल्याकडे त्याला वेगळा खटाटोप नको. देहूहून निघाल्यावर तुकोबांच्या पालखीची आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, आणि इंदापुरात चाँदशावलींचा दर्गा आहेच. त्या आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावताना कुणी बिचकेल. भाकरी थापायला बोलवायला काय हरकत आहे? दोन तास परातीशी बसले की नावे कळतात, कुणाचा मुलगा रिक्षा चालवतो हे कळते, कुणाची सासू अंथरुणाला खिळली आहे हे कळते. तेवढे मंडळाच्या वहीत लिहून ठेवा. दंग्याची किंवा मुले पळवल्याची बातमी मोबाईलवर आली, तर ती पुढे न पाठवता आधी ११२ ला विचारायचे, आणि विचारायचे कुणी, तिचे नाव आजच्या सभेतच ठरवा. माझ्या मते दोघी असाव्यात, एक या आळीतली आणि एक त्या.