कुत्र्याच्या शीत रक्त दिसलं, आणि मी एक दिवस घालवला

मागच्या भागात म्हणालो होतो की गेवराईत बसून कंपनीचं काम कसं चालतं ते सांगेन. ते पुढच्या वेळी. आज विषय वेगळा आहे, आणि जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या. कुत्र्याच्या शीत रक्त दिसलं तर काय करायचं, हा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या कुत्रीची दोन पिल्लं घरी आणली. शेरू आणि चिकू. आई आधी कुरकुरली, मग आठवड्याभरात स्वतःच दुधात भाकरी कुस्करून द्यायला लागली. दोन महिन्यांची झाल्यावर बीडला नेऊन दोघांना एकेक इंजेक्शन दिलं. माझ्या डोक्यात विषय संपला. लसीकरण, डन.

पुढची तारीख दिली होती, ती रिलीजच्या गडबडीत हुकली. नंतर एका शनिवारी संध्याकाळी शेरूने उलटी केली, खाणं सोडलं. रविवारी सकाळी अंगणात पाण्यासारखी लाल शी, आणि वास असा की आईने पदर नाकाला लावला.

मी काय केलं? लॅपटॉप उघडला. शेजारचे काका म्हणाले, "जंत झाले असतील रे, दोन दिवसांत बरं होतंय." मेडिकलवर विचारलं तर माणसांची जुलाबाची गोळी अर्धी करून द्या म्हणाले. मी दिली. बीटेक झालेल्या माणसाने दिली! संध्याकाळपर्यंत शेरू मान उचलत नव्हता. सोमवारी सकाळी गाडीवर मांडीत घेऊन बीडला गेलो. डॉक्टरांनी शीची किटवर टेस्ट केली. पार्वो. सलाईन लावलं. रात्री गेला तो.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "काल आणलं असतं तर गॅरंटी नव्हती, पण चान्स जास्त होता." हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

नंतर मी त्यांना भरपूर प्रश्न विचारले. रक्त हा एरर मेसेज आहे, बग नव्हे. एकाच मेसेजमागे दहा कारणं असतात, म्हणून सोबत काय दिसतंय ते बघायचं. शी नेहमीसारखी बांधलेली, वर ताजी लाल रेघ, आणि कुत्रा उड्या मारतोय, खातोय, तर बहुतेक वेळा त्रास आतड्याच्या शेवटच्या भागात असतो. मटणाचं हाड खाल्लं, शी कडक झाली, असलं काही. फोटो काढा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पुन्हा दिसलं तर घेऊनच जा.

शी डांबरासारखी काळी, चिकट असेल तर रक्त वरून, जठरातून किंवा लहान आतड्यातून येत असतं. हे लोकांना कळतच नाही, कारण लाल दिसत नाही. माणसांची आयब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी दिली तर कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन असं होऊ शकतं. उंदराचं औषध खाल्लं, किंवा गोचिडांमुळे ताप आला, तरी रक्तस्राव होतो. इथे थांबायचं नाही.

आणि लहान पिल्लू, उलटी, सुस्ती, रक्ताची पातळ शी हे एकत्र दिसलं तर पार्वोच समजून पळायचं. विषाणूला थेट मारेल असं औषध आपल्याकडे सहज मिळत नाही. पिल्लू जातं ते मुख्यतः शरीरातलं पाणी संपून आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरून. सलाईन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक, एवढ्यावरच लढाई असते. म्हणून तास महत्त्वाचे.

घरी एक गोष्ट बघता येते. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा, सोडा. दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. पांढरट असेल तर गाडी काढा. तेवढ्यात शीचा थोडा नमुना डबीत घ्या. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. मुख्यतः गाई-म्हशींसाठी असला तरी विचारायला काय जातंय.

माझी दुसरी चूक लसीची. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पहिली लस निकामी करू शकते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात. एक इंजेक्शन म्हणजे काहीच नाही.

आईने डॉक्टरांना विचारलं, "आपल्याला होतंय का हे?" नाही, कुत्र्यांचा पार्वो माणसाला होत नाही. पण तो अंगणात महिनोन्‌महिने टिकतो, आणि साध्या फरशी पुसायच्या लिक्विडला दाद देत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, असं करून फरशी धुतली. मातीचं काय करणार? त्या कोपऱ्यात नवीन पिल्लू वर्षभर आणायचं नाही असं ठरलंय.

चिकूला मंगळवारी पहाटे उलटी झाली. या वेळी लॅपटॉप उघडला नाही. उजाडायच्या आत हायवेला लागलो, दवाखाना उघडेपर्यंत पायरीवर बसलो. चार दिवस रोज बीड, रोज सलाईन, ऑफिसात सांगितलं घरी आजारपण आहे. पाचव्या दिवशी तिने आईच्या हातातून दोन चमचे भाताची पेज चाटली.

आत्ता मागे जो आवाज येतोय ना, तो तिचाच आहे. माईकची वायर चावतेय. थांबा जरा.