माळावरील पांढरे फुलपाखरू आणि नेपतीचे झुडूप



ग्वाल्हेरच्या आसपासच्या कोरड्या माळांवर एक पांढरे फुलपाखरू वेगाने उडताना आढळते. कोबीवरची अळी याचीच, असा आळ त्याच्यावर सहज घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार आहे. हे फुलपाखरू पायोनियर. शास्त्रीय नाव बेलेनॉइस ऑरोटा. फाब्रिसियस याने १७९३ साली त्याचे वर्णन केले.

ते ओळखण्याची खरी खूण पुढील पंखावर आहे. पंखाच्या वरच्या कडेने येणारा काळा पट्टा मध्याच्या थोडे पुढे आत वळतो व आकड्यासारखा संपतो. पंखांचे टोक काळे असून त्यात लांबट पांढरे ठिपके असतात. पंख मिटून बसल्यावर मागील पंखाच्या शिरा काळसर रेषांनी आखल्यासारख्या दिसतात. मादीत हा काळेपणा अधिक असतो. 'कॉमन गल' या फुलपाखराशी गल्लत होते खरी, परंतु त्याला हा आकडा नसतो.

माळावरचे म्हटले, तरी याची अळी गवताला तोंड लावीत नाही. मादी नेपतीच्या कुळातील झुडपांवर पुंजक्याने अंडी घालते. नेपती म्हणजे या भागातील करील. तिच्या हिरव्या फळांचे, टेंटीचे, लोणचे येथील घरोघरी परिचित आहे. नेपतीला पाने येतात ती कोवळ्या फुटव्यांवर, आणि तीही थोडेच दिवस टिकतात. कुंपणातील कंथारही याच कुळातली. कोबी व नेपती या दोन्हींत मोहरीसारखा तिखट अंश असल्याने त्या दोहोंकडे एकाच घराण्यातील फुलपाखरे वळतात. मात्र कोबी खाणारी अळी निराळ्या फुलपाखराची असते.

म्हणून 'साफसफाई'च्या नावाखाली नेपती खणून काढली की गवत शिल्लक राहूनही फुलपाखरू नाहीसे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने २००० व २०१९ साली निघालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत झुडपी जमिनीची गणना पडीक जमिनीत केलेली आहे. 'पडीक' हा शब्द एकदा कागदावर चढला की रोपवनाचा प्रस्ताव येण्यास वेळ लागत नाही. दाट रोपवनाची सावली उन्हात वाढणाऱ्या नेपतीला सोसत नाही. लावलेल्या रोपांसाठी अहवालात रकाना असतो, उपटलेल्या नेपतीसाठी तो नसतो.

ग्रामपंचायतीने माळाविषयी ठराव करण्यापूर्वी तेथील नेपती व कंथारीची झुडपे मोजून घ्यावीत. पावसाळ्यानंतर शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे. मादी ज्या फांदीभोवती पुनःपुन्हा घिरट्या घालते, त्या फांदीची कोवळी पाने खालून तपासावीत.