वृद्धाश्रमातील गाणे



वृद्धाश्रमात गाणे करण्यात नवे ते काय, असे आपणांपैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. सणावारी मंडळी पेटी-तबला घेऊन जातात, चार भक्तिगीते म्हणतात, फळे वाटतात आणि परततात. आम्हीही तेच करीत होतो. धुळ्याकडच्या एका वृद्धाश्रमातून असेच निघालो असता दाराशी खुर्चीत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गानं चांगलं से, पन आम्हले म्हनू कोन देस?" आम्हांला म्हणू कोण देतो! या प्रश्नाने आम्हांला खाली मान घालावयास लावली.

ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ सालच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. तेथील औषधपाण्याबरोबर करमणुकीच्या साधनांचाही त्यात उल्लेख आहे. कायद्याने एवढे म्हटले हे चांगलेच झाले. परंतु करमणूक दुसऱ्याने करावयाची असते. गाणे आपले आपण म्हणावयाचे असते. आमचे म्हणणे एवढेच आहे.

खानदेशातल्या बाईने गाणे ऐकले थोडे, म्हटले फार. जात्यावर ओवी, आखाजीला झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाई, पुढे भाद्रपदात गुलाबाई. तेथे श्रोता असा वेगळा नव्हताच. एकीने ओळ टाकावी, बाकीच्यांनी झेलावी. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गात. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती गाणी टिपून ठेवली, म्हणून बहिणाबाईंच्या पश्चात १९५२ साली ती आपल्या हाती आली. गात्या बाईजवळ कोणीतरी बसले होते, हे ध्यानात घ्या. आज ऐंशीच्या घरात असलेल्या कित्येक बायांनी लहानपणी आईसमोर बसून जात्याचा खुंटा धरलेला आहे. पुढे पिठाची गिरणी आली, दळण गेले आणि ओवीला निमित्त उरले नाही.

हे निमित्त पुन्हा निर्माण करता येते. आम्ही पुढे जे शिकलो ते सांगतो. ध्वनिक्षेपक नको, खुर्च्या गोलाकार मांडाव्यात. म्हातारपणी आवाज वर चढत नाही, म्हणून पट्टी खालची धरावी, लयही सावकाश ठेवावी. पितळी टाळांचा कर्कशपणा श्रवणयंत्र लावणाऱ्यास सोसत नाही. हलकी खंजिरी किंवा चिपळी बरी. ज्याचा हात थरथरतो त्याने खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरला तरी तो गाण्यात आला. जो अंथरुणाला खिळला आहे, त्याच्या खाटेपाशी आपण जावे. शब्द आठवत नसतील तर भजनाचे धृपद आहेच. ते पुन्हा पुन्हा येते आणि सर्वांना सामावून घेते. कोणी शब्द चुकला तर दुरुस्त करू नये. अर्धा-पाऊण तास पुरे. पण वार ठरलेला असावा आणि तो चुकवू नये. वाट पाहावयास लावून न येणे यासारखा दुसरा अन्याय नाही.

याने स्मृतिभ्रंश बरा होतो असे मात्र कोणी सांगू नये. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील संगीताचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. उदासीनता काहीशी कमी होते, बुद्धी व स्मरण यांत विशेष फरक पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उदासी कमी होणे ही काय लहान गोष्ट आहे? परदेशांतही हे काम चालते. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९७७ साली इंग्लंडात काढलेली संस्था वृद्धांच्या शुश्रूषागृहांत वादक पाठविते. आपल्याला वादकही शोधावे लागणार नाहीत. जळगाव-धुळ्याच्या भजनी मंडळांनी आठवड्यातील एक सकाळ दिली तरी पुष्कळ होईल.

आखाजी जवळ आली आहे. सासुरवाशिणीने माहेरी यावे, झोका घ्यावा, गाणे म्हणावे असा तो दिवस. वृद्धाश्रमातल्या बाईला न्यावयास कोणी येणार नाही. आपण तिच्याकडे जावे आणि या खेपेस ओळ तिला टाकू द्यावी. झील आपण धरू. ती आपल्याला येत नसेल, तर तिच्याकडून शिकून घेऊ.