अभ्यासक्रमाबाहेरची भेंडी



आभार मानून झाले आहेत असे धरून चालू या. मागे वरणाला फोडणी पडलेली तुम्हालाही कळली आहे.

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या जुन्या पुस्तकात एक वाक्य होते. रानटी जातीतली रोगप्रतिकारशक्ती भेंडीत आणून नवा वाण तयार केला, त्याचे नाव ‘परभणी क्रांती’. देशभरातल्या पोरांनी ते नाव घोकले. ज्यांच्या गावाजवळ १९७२ पासून परभणीचे कृषी विद्यापीठ उभे आहे, त्या आपल्या पोरांनीही नुसते घोकलेच.

एकदा एक मुलगा उठला. “सर, क्रांतीवर केवडा पडत नाही म्हणता, मग आमच्या रानातली पिवळी कशी पडली?” मी म्हणालो, “परीक्षेत एवढं खोलात विचारत नाहीत. बस.” तो बसला, आणि वर्षभर पुन्हा उठला नाही.

त्याचे उत्तर आज देतो. केवडा हा रोग विषाणूमुळे येतो आणि पांढरी माशी तो झाडाझाडांवर नेते. पूर्वी ‘पुसा सावनी’ हा वाण या रोगाला दाद देत नसे. पुढे तोही पिवळा पडू लागला. म्हणून सावनीचा रानभेंडीशी संकर केला. अशा संकराची झाडे बहुतेक वांझ निघतात, कारण दोन जातींची गुणसूत्रे नीट जुळत नाहीत. जी थोडी तगली, त्यांचा पुन्हा पुन्हा भेंडीशीच संकर करत गेले. दर वेळी रानभेंडीचा वाटा सरासरी निम्म्यावर येतो : निम्मा, पाव, आठवा हिस्सा. इथे गणिताच्या बाईंना बोलवायला हवे होते. फळ भेंडीचे राहावे आणि प्रतिकार तेवढा रानातला यावा, अशी ती निवड. पण विषाणूही बदलत राहतो. सावनीचे झाले तेच क्रांतीचे होऊ लागले. म्हणजे पुस्तकातले वाक्य खोटे नव्हते, शिळे झाले होते. आणि ते शिळे झाल्याचे माझ्याआधी त्या पोराला कळले होते.

तासिका घंटेवर बदलते, प्रश्न बदलत नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा का पडतात, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला निघतो. काळ्या पाषाणापासून झालेली माती एवढे सांगून आपण थांबतो. ती माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, ते तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांच्या रचनेमुळे. हे सांगणारे रसायनशास्त्राचे सर शेजारच्याच खोलीत असतात. शिक्षकखोलीत आपण महागाई भत्त्यावर तासभर बोलतो. (मीही बोलतो, हप्ता थकलेलाच असतो.) तिथे टेबलावर एक वही ठेवा. ज्याला प्रश्न विचारला गेला त्याने तो त्यात उतरवायचा, ज्याला येते त्याने खाली लिहायचे, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वर्गात गेले पाहिजे. कलाशाखेच्या मुलाचा विज्ञानाचा प्रश्नही त्यात चालेल.

आमच्याकडे अशी वही आहे. तिच्यात एका प्रश्नाखालची जागा अजून कोरी आहे. ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी याच विद्यापीठाने २०१८ मध्ये दिली. अकरावीच्या एका मुलीने लिहिले आहे : “आडतीवर लोह कोण मोजतं? आमच्या ज्वारीला त्याचा भाव कसा मिळणार?” अर्थशास्त्राचे सर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. वही मी पिशवीत आणली आहे, जेवताना त्यांच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखा.