जबलपूरच्या फलाटावरचे एंजिन

मुंबई–हावडा मार्गावर जबलपूरचे स्थान मानाचे आहे. ईस्ट इंडियन कंपनीचा रूळ अलाहाबादेकडून १८६७ साली येथे आला; मुंबईहून निघालेला जी. आय. पी. कंपनीचा मार्ग ७ मार्च १८७० रोजी त्याला येऊन मिळाला. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेले हे शहर मराठी माणसाला तसे परके नव्हतेच. आगगाडीने ते आणखी जवळ आणले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात या फलाटावर मेल येऊन उभी राही, तेव्हा मुलांचे डोळे डब्यांकडे नव्हे, एंजिनाकडे लागत. बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते तोंड, त्यावर रंगविलेला तारा, आणि पाच फूट सात इंच व्यासाची सहा मोठी चाके! नाव मात्र 'डब्ल्यू. पी.', 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज आणि 'पी' म्हणजे पॅसेंजर. इतक्या देखण्या यंत्राला याहून कोरडे नाव सरकारी दप्तरालाही सुचले नसते.

या देखणेपणामागे एक दुःखद धडा होता. १९२०नंतरच्या दशकात 'एक्स' मालिकेची पॅसिफिक एंजिने विलायतेहून आली. हलका कोळसा जाळण्यासाठी त्यांना रुंद अग्निपेटी दिली होती. ही कल्पना चुकीची नव्हती. पण वेग वाढला की ही एंजिने आडवी हेलकावत आणि रूळच वाकडे करीत. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये बिहट्याजवळ अशाच एका एंजिनाची गाडी घसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे ब्रिटिश व फ्रेंच तज्ज्ञांच्या समितीने १९३९ साली एंजिने व रूळ दोन्ही तपासले. एंजिनाच्या पुढच्या व मागच्या लहान चाकांना आडव्या हालचालीत पुरेसा आवर नाही, हे मुख्य दुखणे ठरले. प्रवाशाला हे सारे कधी दिसत नाही. त्याला तारा दिसतो.

नव्या एंजिनात हा आवर बसविला गेला. रुंद अग्निपेटी कायम राहिली, कारण येथला कोळसा राखेचा आणि कमी उष्णतेचा. बांधणीही साधी, बाहेर दोनच सिलिंडर, म्हणजे शेडमधल्या कारागिराच्या हाताला सारे सुटे भाग लागावेत. फिलाडेल्फियाच्या बॉल्डविन कारखान्याने पहिली सोळा एंजिने १९४७ साली धाडली. नंतर कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया येथूनही ती आली, आणि १९६३पासून चित्तरंजनलाही बनू लागली. १९६७पर्यंत एकूण ७५५ झाली.

मुंबईहून इगतपुरीपर्यंत १९३०पासून वीज होती; तेथून पुढची वाट मात्र दीर्घकाळ कोळशाचीच राहिली. नर्मदेच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात भट्टीसमोर उभे राहून फावडे चालविणाऱ्या फायरमनला एंजिनाचे रूप फारसे दिसत नसे. वाफेचा काटा खाली आला की त्याची धडपड सुरू, आणि ड्रायव्हरची नजर पुढच्या सिग्नलवर. जबलपूरला पाणी भरून होईपर्यंत त्याला पाठ सरळ करायला सवड मिळे.

ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक १९९५ साली थांबली. अमेरिकेहून आलेल्या त्या पहिल्या सोळांपैकी ७२०० क्रमांकाचे एंजिन जतन करून ठेवलेले आहे.