घर कोणी सोडलं?



घर सोडून गेलेल्या नवऱ्याची एक कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. आपेगावचे विठ्ठलपंत आळंदीच्या रुक्मिणीला मागे ठेवून काशीला गेले आणि आपलं लग्न झाल्याचं गुरूंपासून लपवून त्यांनी संन्यास घेतला. खरं कळल्यावर गुरूंनी त्यांना परत पाठवलं. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुलं झाली. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की विठ्ठलपंत बायकोला सोडून गेले तेव्हा कुणी त्यांना वाळीत टाकलं नाही. ते परत आले, संसाराला लागले, तेव्हा गाव उठलं. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून मुलांना हिणवलं, त्यांच्या मुंजी अडवल्या, आणि परंपरा सांगते की शेवटी आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. मुलांना समाजात जागा मिळावी म्हणून त्यांना पोरकं करायचं, असा तो न्याय.

आजचा बाप काशीला जात नाही. तो वाकडला नाहीतर डोंबिवलीला भाड्याची खोली घेतो, आणि कुणी विचारलंच तर म्हणतो, ‘मी तिच्यापासून वेगळा झालोय, पोरापासून नाही.’ मला आज या वाक्याबद्दल बोलायचं आहे. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी ते उच्चारलं जातं त्या दिवशी ते खरंही नसतं. ते खरं व्हायला पुढची दहा-पंधरा वर्षं लागतात.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. ‘बाप घर सोडून गेला’ हे चित्र आपल्याकडे पुष्कळदा लागूच पडत नाही. घर त्याचं असतं, किंवा त्याच्या आईवडिलांचं. संसार मोडला की बॅग भरते ती बायको, आणि मुलाचा हात धरून माहेरी जाते. बाप आपल्या जागेवरच असतो. तीच खोली, तोच डबा, तीच सकाळची लोकल. त्यामुळे त्याला मनापासून वाटतं की आपण कुणालाच सोडलेलं नाही, ‘तीच गेली.’ मुलाच्या बाजूने पाहिलं तर बाप तर गेलाच, शिवाय आजी-आजोबा, काका, आत्या, गल्लीतले मित्र आणि कधीकधी शाळासुद्धा गेली. इतकं सगळं जातं आणि बापाने मात्र उंबरा ओलांडलेला नसतो! मुलाला टाकलं की नाही, हे घरातून कोण बाहेर पडलं यावरून ठरवू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

कायद्याचं म्हणाल तर तो बापाला सुटू देत नाही, निदान कागदावर. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बाप हा नैसर्गिक पालक आहे. पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, असंही तोच कायदा सांगतो. म्हणजे पालक एक आणि सांभाळणारी दुसरी. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही वडिलांच्या हयातीत नैसर्गिक पालक मानण्याची वाट मोकळी केली. आपल्या राज्यात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आलं, ही त्याच वाटेवरची गोष्ट. तोवर हजेरीपटावर बापाचंच नाव रोज पुकारलं जायचं, मग तो बाप शाळेच्या फाटकापाशी कधी आलेला असो वा नसो.

मुलाचा ताबा एकाकडे गेला की दुसऱ्याला भेटीचे दिवस मिळतात. एकाआड एक शनिवार-रविवार, अर्धी दिवाळी, अर्धी मे महिन्याची सुट्टी, असा सर्वसाधारण नमुना. जिथे विश्वास उरलेला नसतो तिथे या भेटी कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात, मुलांसाठी ठेवलेल्या खोलीत होतात. तिथली पंधरा मिनिटं पाहिली तर पुष्कळ कळतं. बाप महागडं खेळणं घेऊन येतो. ते मागच्या वर्षीच्या वयाचं असतं. मूल खोका उघडतं, नीट बाजूला ठेवतं आणि दाराकडे पाहत राहतं. बाप विचारतो, ‘अभ्यास कसा चाललाय?’ दुसरा प्रश्न त्याला सुचत नाही, कारण पोराच्या बाईंचं नाव, त्याचा नवा मित्र, त्याला नकोशी झालेली भाजी, यातलं काही त्याला माहीत नसतं. अशा बापाची मला कीव येते. पण ही माहिती कुठल्याही न्यायालयाने त्याच्यापासून लपवून ठेवलेली नाही, हेही खरं.

आता ‘मुलांच्या तोंडाकडे बघून’ एकत्र राहण्याबद्दल. पॉल अमाटो आणि ॲलन बूथ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९८०पासून सुमारे २,००० विवाहितांचा माग ठेवला आणि पुढे त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांशीही ते बोलले. ज्या घरात आरडाओरडा, मारझोड होती, तिथली मुलं आईबाप वेगळे झाल्यावर सावरली. त्यात नवल नाही. मारणारा बाप गेला तर घर श्वास घेतं. नवल पुढे आहे. ज्या घरात भांडण मुलांपर्यंत पोचतच नव्हतं, दोघं नुसती एकमेकांना कंटाळली होती, तिथल्या मुलांना घटस्फोट जास्त लागला. त्यांच्या दृष्टीने घर ठीक चाललं होतं आणि एका संध्याकाळी ते नाहीसं झालं. आणि त्या पाहणीत मोडलेल्या संसारांपैकी बहुतेक संसार या दुसऱ्या प्रकारचे होते.

मला हा निष्कर्ष अडचणीचा वाटतो, आणि म्हणूनच तो सांगतोय. दुःखी माणसाने लग्नातून बाहेर पडूच नये, असं माझं मत नाही. चाळिसाव्या वर्षी उरलेलं आयुष्य मुकाट्याने काढ, हे दुसऱ्याला सांगणं फार सोपं असतं. पण बाहेर पडणाऱ्याने ‘मी हे पोराच्या भल्यासाठीच केलं’ ही पुस्ती जोडू नये. स्वतःसाठी केलं असं म्हणावं. मूल ते पुढे समजून घेऊ शकतं. आपल्या नावावर खपवलेला त्याग मात्र त्याला पचत नाही.

मग बापाच्या हातात काय राहतं? याच अमाटोंनी जोन गिलब्रेथ यांच्यासह १९९९मध्ये ६३ अभ्यास एकत्र तपासले. विषय होता वेगळे राहणारे बाप. नुसत्या भेटी किती झाल्या याचा मुलाच्या प्रगतीशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो खर्चाचे पैसे वेळेवर येण्याशी, आणि बापाने बापासारखं वागण्याशी, म्हणजे अभ्यास घेणं, नाही म्हणणं, रागावणं, समजूत काढणं. रविवारी मॉलमध्ये नेऊन पिझ्झा खाऊ घालणारा बाप यात बसत नाही. तो पाहुणा झाला.

पैशांच्या बाबतीत बापांची एक ठरलेली तक्रार असते, ‘ती भेटू देत नाही, मग पोटगी का द्यायची?’ भेटू न देणाऱ्या आया असतात. मुलाचे कान भरले जातात, ऐन भेटीच्या दिवशी त्याला ताप येतो. त्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, आणि भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या यशिता साहू प्रकरणात सांगितलं आहे. पण मुलाच्या पालनपोषणाचा पैसा हा मुलाचा हक्क आहे. आईवरचा राग त्यातून वळता करून घेता येत नाही. हप्ता थांबला की आईला राग येतो हे खरं, पण शाळेच्या सहलीच्या यादीतून नाव गळतं ते पोराचं.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, कारण परस्परसंमतीने वेगळं होणारी जोडपी वाढत्या संख्येने दिसतात. संमतीच्या अटी लिहिताना सगळ्यांचं लक्ष फ्लॅट, दागिने आणि एकरकमी पोटगी यांवर असतं. मुलाच्या खर्चापुढे ‘सज्ञान होईपर्यंत’ असं लिहून मोकळे होतात. मुलगी अविवाहित असेल आणि तिचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर १९५६च्याच दत्तक व निर्वाह कायद्याने तिला पुढेही आधार आहे. मुलाला साधारणपणे अठराव्या वर्षापर्यंतच. म्हणजे नेमकी इंजिनिअरिंगची किंवा नर्सिंगची पहिली फी भरायची वेळ येते तेव्हा बापाची कायदेशीर जबाबदारी संपलेली असते, आणि ‘मी पोरापासून वेगळा झालो नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बापांना त्या वर्षी आपला करारनामा आठवतो. तेव्हा सही करण्याआधी पदवी होईपर्यंतचा खर्च, वसतिगृहासकट, कोण किती देणार हे त्या कागदावर लिहून घ्या. बापाने स्वतःहून लिहिलं तर आणखी चांगलं.